ट्रक आपला, गिऱ्हाईक कुणाचे?

2012 च्या ऑगस्टमध्ये आमोण्यात सेसा गोवा कंपनीच्या कारखान्यात नवी, मोठी झोतभट्टी सुरू झाली आणि कच्च्या लोखंडाची, म्हणजे पिग आयर्नची, वार्षिक क्षमता सव्वासहा लाख टनांवर गेली. पुढच्याच महिन्यात, 7 सप्टेंबरला, न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यातील बेकायदा खाणकामावरचा अहवाल संसदेत मांडला गेला. तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या. 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही खाणकाम आणि खनिजाची वाहतूक बंद केली. भट्टी पेटली आणि महिन्याभरात भोवतालचा खाणपट्टा थंड पडला.

गंमत अशी, की भट्टी विझली नाही. गोव्याच्या खाणी बंद असतानाही आमोण्याचा कारखाना चालत राहिला. लिलावातले, बाहेरून आणलेले खनिज वापरून 2014-15 मध्ये त्याने सहा लाख टनांहून अधिक पिग आयर्न काढले. आडवे झाले ते ट्रक, बार्ज, गॅरेज, टायरवाले, डिझेलचे पंप आणि धक्क्याजवळची चहा-भजीची दुकाने. गाव एक, नदी एक, खनिजही एकच. त्यावर जगणारा एक धंदा टिकला आणि दुसरा रस्त्याकडेला गंजत उभा राहिला. नोकरी सोडून धंद्यात पडू पाहणाऱ्याने, किंवा नोकरीबरोबर इंटरनेटवर काही जोडधंदा सुरू करू पाहणाऱ्याने, पुस्तके वाचण्याआधी हा फरक समजून घ्यावा.

डिचोली, मये, शिरगाव, सुर्ल, पाळी, वेळगे या भागातल्या खाणींचा माल टिपरमधून मांडवीकाठच्या धक्क्यांवर यायचा. एका टिपरात दहा टन. धक्क्यावर तो बार्जमध्ये पडायचा आणि भरती-ओहोटी सांभाळत मुरगावकडे निघायचा. पावसाळ्यात आग्वादसमोरचा वाळूचा पट्टा ओलांडणे धोक्याचे, म्हणून तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत शिरायच्या. तिथून जहाजाने माल परदेशी. पोर्तुगीज काळाच्या अखेरीस मुख्य गिऱ्हाईक जपान होता, 2000 नंतर चीन झाला. गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे, बहुतेक मालात लोह 58 टक्क्यांच्या खाली. देशातले पोलाद कारखाने त्याला फारसे विचारत नसत. चीनचे कारखाने मात्र ते चांगल्या मालात मिसळून वापरत. 2011 च्या सुरुवातीला उत्तम प्रतीच्या खनिजाचा जागतिक भाव टनाला 180 डॉलरच्या वर गेला, तेव्हा आधी टाकून दिलेल्या मातीलाही मोल आले. 2010-11 या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. दहा टनांचा ट्रक धरला, तर ढोबळ हिशेबाने पन्नास लाख खेपा झाल्या.

त्या खेपांसाठी डिचोली-सत्तरीतल्या घराघरांनी ट्रक घेतले. शेतात खाणीचा गाळ येत होता, भात पिकवून हाती काही लागत नव्हते, आणि बँका दारात येऊन कर्ज देत होत्या. ज्याच्याकडे एक ट्रक होता त्याने दुसरा काढला, पहिल्याच्या कमाईवर तिसरा. गाडीवर स्वतःचे नाव, पुढच्या काचेवर देवाचे, खिशात ट्रकमालक संघटनेची पावती. चार माणसांत ‘धंदा करतो’ असे सांगता येत होते आणि ते खोटेही नव्हते. कर्ज, डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, अपघाताची धास्ती, सगळे त्याच्याच अंगावर होते.

पण दर कोण ठरवायचा? कंपनी आणि संघटना यांच्यातल्या बोलणीतून तो ठरायचा. दिवसाला किती खेपा मिळणार, ते कुणाच्या हातात होते? खाणीच्या. माल कुठे जाणार, कुणाला विकला जाणार, उद्या लागणार की नाही, हे ट्रकमालकाला धक्क्यावर पोहोचेपर्यंत कळत नसे. उद्योजकाची सगळी जोखीम त्याने घेतली होती आणि उद्योजकाचा एकही निर्णय त्याच्या हातात नव्हता. पाहिले तर तो स्वतःचे हत्यार घेऊन कामावर येणारा रोजंदार होता, फक्त हत्यार लाखांचे होते. दहा टनांचा टिपर घेऊन कोल्हापूरला भाजी नेता येत नाही. त्याचे गिऱ्हाईक एकच, रस्ता एकच, हंगामही एकच.

अर्थशास्त्रात एकाच विक्रेत्याची मक्तेदारी सगळ्यांना ठाऊक असते. एकाच खरेदीदाराची मक्तेदारी तेवढीच जुनी आहे, पण तिच्याबद्दल आपल्याकडे कमी बोलले जाते, कारण तेजीत ती दिसत नाही. तेजीत खरेदीदार हात सैल सोडतो. दर बरा मिळतो, खेपा भरपूर मिळतात आणि माणसाला वाटते, ही आपल्या कष्टाची आणि हुशारीची कमाई. कष्ट खरेच असतात. पण गिऱ्हाईक उठून गेले की उरलेले कष्ट विकायचे कुणाला, हा प्रश्न तेव्हा पडत नाही. डिसेंबर 2011 मध्ये केंद्राने खनिजावरचा निर्यात कर 30 टक्के केला, तेव्हाच एक घंटा वाजली होती. त्यानंतरही ट्रक घेतले गेले.

याच काळातला दुसरा एक व्यवहार पाहण्यासारखा आहे. जून 2009 मध्ये व्ही. एस. डेंपो या गोव्यातल्या बड्या खाण उद्योगाने आपला खाणव्यवसाय सेसा गोवाला 1,750 कोटी रुपयांना विकला. भाव चढता होता आणि बंदीला अजून तीन वर्षे होती. विकणाऱ्यांना पुढचे दिसले होते, असे म्हणण्याला माझ्याकडे काही आधार नाही, आणि ते महत्त्वाचेही नाही. महत्त्वाचे हे, की त्यांना विकता आले. त्यांच्याकडे लीज होती, परदेशी खरेदीदारांशी नाते होते, यंत्रणा होती, आणि हे सगळे मिळून दुसऱ्या कुणाला हवे होते. ट्रकमालकाकडे विकण्याजोगा फक्त ट्रक. 2012 मध्ये त्याला तो विकायचा होता तेव्हा शेजाऱ्यालाही आपला विकायचा होता, आणि घेणारा कुणीच नव्हता. अंदाज चुकला म्हणून तो बुडाला, असे लोक म्हणतात. मला वाटते, अंदाज बरोबर आला असता तरी बाहेर पडायला त्याला दार नव्हते.

आता भट्टीकडे वळू. आमोणे हे बेताळाचे गाव. मांडवीपलीकडे खांडोळे, आणि मध्ये दोघांना जोडणारा पूल. गावाच्या नदीकाठी कोक भाजण्याच्या भट्ट्या आणि पिग आयर्नचा कारखाना 1990 च्या दशकात आला. झोतभट्टीचे काम सांगायला सोपे आणि चालवायला अवघड. वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकायची, खालून तापलेली हवा सोडायची. कोक जळून खनिजातला प्राणवायू ओढून घेतो, लोखंड वितळून तळाशी जमते, चुनखडी बाकीचा कचरा मळीच्या रूपाने वर आणते. हे दिवसरात्र चालते. भट्टी थंड होऊ दिली तर आतला माल गोठतो आणि ती पुन्हा पेटवण्याचा खर्च डोळे पांढरे करणारा असतो. म्हणून कोळसा ऑस्ट्रेलियाहून येवो, खनिज कुठूनही येवो, भट्टीला दोन्ही मिळालेच पाहिजे.

या सक्तीनेच कारखान्याला एका पुरवठादारावर आणि एका खरेदीदारावर विसंबणे परवडले नाही. पिग आयर्न घेतात ओतकाम करणाऱ्या फाउंड्री, आणि पश्चिम-दक्षिण भारतात त्या गावोगाव विखुरल्या आहेत. कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात तर औद्योगिक वसाहतीच त्यांच्यावर उभ्या आहेत. पंपाचे भाग, ट्रॅक्टरचे भाग, वाहनांचे सुटे भाग, यांतली एखादी मागणी पडली तर दुसरी हात देते. मळी सिमेंटवाले नेतात. भट्ट्यांतून सुटणाऱ्या उष्णतेवर वीज होते. एका कच्च्या मालातून चार दारांनी पैसा येतो.

हे कारखान्याचे गुणगान नव्हे. काळ्या धुळीची तक्रार आमोणे-नावेलीत जुनीच आहे, विस्ताराला विरोधही झालेला आहे, आणि नोकऱ्यांत स्थानिक किती हा वाद तर गोव्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर होतो. धंद्याची रचना चांगली असणे आणि धंदा गावासाठी चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे मी फक्त पहिलीबद्दल बोलतो आहे.

नोकरदाराने या फाटकातून आणखी एक गोष्ट पाहावी. सेसा कंपनी 1954 ची, मूळ इटालियन मालकांची. 1996 मध्ये जपानच्या मित्सुईने 51 टक्के हिस्सा घेतला, 2007 मध्ये तो वेदांताकडे गेला, 2013 मध्ये स्टरलाइट तिच्यात मिसळली आणि 2015 मध्ये नावच वेदांता लिमिटेड झाले. ज्याने 1995 च्या सुमाराला इथे नोकरी धरली, त्याच्या पगारपत्रकावरची मालकी त्याने जागा न सोडता बदलत गेली. नाव टिकले नाही, त्याला येणारे काम टिकले. भट्टीचे तापमान राखणारा, प्रयोगशाळेत नमुना तपासणारा, वीजनिर्मितीचे टर्बाइन सांभाळणारा, यांचे काम भिलई, बेल्लारी किंवा आखातात तसेच चालते. खाणीत खेपांची नोंद करणाऱ्या कारकुनाचे, वजनकाट्यावरच्या माणसाचे काम खाणीबरोबर थांबले. पगार कदाचित दोघांचा सारखाच असेल. नोकरी निवडताना पगाराचा आकडा सगळे बघतात. हे काम दुसऱ्या कुणाला विकता येईल का, असा प्रश्न मयेच्या सरकारी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही. वडिलांनी ट्रक घेताना तोच प्रश्न विचारायचा राहिला होता.

2014 च्या 21 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 2007 नंतरचे सगळे खाणकाम बेकायदा ठरवले, कारण लीजची मुदत त्या दिवशी संपली होती, आणि पुढच्या उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. राज्याने लीज पुन्हा नूतन करून दिल्या. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने त्या 88 लीज रद्द केल्या आणि 16 मार्चपासून खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. पहिल्या बंदीत कर्ज थकलेल्यांसाठी सरकारने कर्जसवलतीची योजना आणली होती. दुसऱ्या बंदीत अनेकांनी आशा सोडली आणि ट्रक विकून, मिळेल त्या किमतीला, पर्यटकांसाठी गाडी घेतली. पेडणे, बार्देशच्या किनाऱ्यावर गाडीला काम होते. बंदीनंतर पाच महिन्यांनी, ऑगस्ट 2018 मध्ये, गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने ‘गोवामाइल्स’ हे टॅक्सीचे ॲप सुरू झाले.

पेडण्यात त्या गोष्टीचा दुसरा अंक सुरू झाला. मोप्याच्या पठारावर विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर 2016 मध्ये झाली. मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे या गावांच्या जमिनी गेल्या, काजूच्या बागायती गेल्या. 11 डिसेंबर 2022 ला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. 5 जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला 44 लाख प्रवाशांची सोय. जमीन देणाऱ्या गावांचा हिशेब सरळ होता: जमीन आमची गेली, तर प्रवासी तरी आमच्या गाडीत बसावा. तो प्रवासी फोनवर ॲप उघडून गाडी बोलावू लागला आणि संघर्ष उभा राहिला. गोवामाइल्सचा काउंटर विमानतळावर नको, स्थानिकांचा हवा, ही मागणी पेडण्यात वारंवार रस्त्यावर आली.

गोव्याबाहेरचा वाचक, विशेषतः मुंबई-पुण्याचा, या टॅक्सीवाल्यांवर फार चिडलेला असतो. दुप्पट भाडे सांगतात, मीटर टाकत नाहीत, ॲप येऊ देत नाहीत. तक्रारी खऱ्या आहेत. पण टॅक्सीवाल्याची भीती कुठून येते तेही समजून घ्यायला हवे. खाणीच्या धक्क्यावर दर दुसऱ्याच्या हातात असणे काय असते, हे या मुलखात शिकवावे लागत नाही. ॲपवर गाडी लावली की भाडे ॲप ठरवते, गिऱ्हाईक ॲप देते, गिऱ्हाईकाचा फोन नंबर ॲपकडे राहतो. पाच वर्षे चांगली सेवा देऊन मिळवलेले पंचतारांकित गुणही तिथेच राहतात. उद्या दुसऱ्या ॲपवर गेले तर शून्यापासून सुरुवात. गाडी, कर्ज, विमा, डिझेल मात्र आपले. नाव बदलले, यंत्र बदलले, व्यवहार आमोण्याच्या धक्क्यावरचाच.

इंटरनेटवरच्या मध्यस्थ धंद्याचे सगळे रहस्य एवढ्यात आहे. मध्यस्थ दोन्ही बाजूंना एकमेकांची गाठ घालून देतो. सुरुवातीला स्वतःच्या गुंतवणुकीतून दोघांना सवलत देतो, म्हणून प्रवाशाला स्वस्त पडते आणि चालकाला जास्त मिळते. दोन्ही बाजूंना सवय लागली, की मग तो दोघांकडून वसूल करू लागतो. कमिशन किती हा दुय्यम प्रश्न. तुमच्याशिवाय त्याचे चालते आणि त्याच्याशिवाय तुमचे चालत नाही, अशी वेळ आली की कमिशनचा आकडा तो कधीही बदलू शकतो. हॉटेल-बुकिंगच्या संकेतस्थळांवर सामान्यतः 15 ते 20 टक्के जातात. जेवण घरपोच करणाऱ्यांचे याहून अधिक. 1,000 रुपयांच्या खोलीतून 180 गेले आणि खोलीचा खरा नफा 300 होता, तर निम्म्याहून अधिक नफा गेला. विक्रीवर 18 टक्के आणि नफ्यावर 60 टक्के हे एकाच पावतीचे दोन आकडे आहेत, आणि छोटा व्यावसायिक बहुधा पहिलाच वाचतो.

टॅक्सीवाल्यांची भीती बरोबर आहे. त्यावरचा त्यांचा उपाय मात्र चुकलेला आहे, असे माझे मत आहे. ॲप अडवून गिऱ्हाईक आपले होत नाही. ते चिडते, पुढच्या वेळी भाड्याची स्कूटर घेते, किंवा गोव्याऐवजी दुसरीकडे जाते. ॲप कुणाच्या मालकीचे आणि त्याचे पैसे घेण्याचे सूत्र कोणते, हा भांडण्याजोगा मुद्दा होता. केरळ सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये ‘केरळ सवारी’ सुरू केले, तेव्हा सेवाशुल्क 8 टक्के ठेवले. त्याच वर्षी बंगळुरूत रिक्षाचालकांसाठी ‘नम्म यात्री’ आले. त्याने कमिशनच काढून टाकले आणि चालकाकडून दिवसाला 25 रुपये घ्यायला सुरुवात केली, फेऱ्या कितीही मारा. फरक लहान वाटतो, पण चालकाची वाढती कमाई मध्यस्थाची वाढती कमाई राहत नाही. हे दोन्ही प्रयोग सर्वस्वी यशस्वी झाले असे नाही. सरकारी ॲपला गिऱ्हाईक जमवताना दम लागतो, आणि स्वस्त ॲपला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न राहतो. तरी रस्ता अडवण्यापलीकडे काही करता येते, एवढे त्यांनी दाखवले. ट्रकमालक संघटना बांधण्याचा अनुभव डिचोली-सत्तरीत घरोघरी आहे. खेपांची पाळी लावणारी तीच संघटना ॲपही चालवू शकली असती. संघटना दरासाठी भांडायला शिकली, धंदा चालवायला शिकली नाही.

नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात देशात 2020-21 मध्ये असे ॲपवर किंवा कामागणिक कमावणारे 77 लाख लोक धरले होते, आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील असा अंदाज दिला होता. सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांचा कायद्यात पहिल्यांदाच उल्लेख झाला. संहिता 2020 ची, अंमलात आली 21 नोव्हेंबर 2025 रोजी. तिच्यानुसार ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षानिधीत द्यायची, मात्र कामगारांना दिलेल्या एकूण रकमेच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. यातून अपघात, आजार, म्हातारपण यांची थोडी सोय होईल. दर आणि गिऱ्हाईक यांवरचा ताबा मात्र कायद्याने मिळत नाही.

ज्यांना घरबसल्या काही करायचे आहे, त्यांच्यासाठी पेडणे-डिचोलीत साहित्य पुष्कळ आहे. हरमलच्या मिरचीला आणि गोव्याच्या खाज्याला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, काजूलाही. काजूच्या फेणीला तर 2009 पासून. डिचोलीच्या झांट्ये काजूंचे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते, कारण पाकिटावर नाव आहे आणि गिऱ्हाईक त्या नावाने मागते. एका तालुक्यात एकाच काळात काजूवाल्याने नाव कमावले आणि ट्रकवाल्याने खेपा कमावल्या. खेपा जास्त पैसे देत होत्या, हेही खरे.

इंटरनेटवर विकताना एक जुनी अडचण अलीकडे सुटली आहे. पूर्वी ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. दुकानात बसून तोच माल विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंत सूट आणि ऑनलाइन विकणारीला नाही, असा उलटा न्याय. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्याच्या आत ऑनलाइन माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना ही सक्ती नाही. नोंदणी क्रमांकाऐवजी पोर्टलवर एक ओळख क्रमांक घेऊन काम भागते. राज्याबाहेर माल पाठवायचा तर मात्र नोंदणी हवी. गोव्यात राहून सगळे गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात असणाऱ्यांना ही सूट फारशी कामाची नाही, हा तिचा दोष. घरात पर्यटक ठेवायचे असतील तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते. मोरजी, मांद्रे, हरमलच्या बाजूला ती न करता संकेतस्थळावर खोल्या लावणारे थोडे नाहीत, आणि तपासणी आली की सगळा हंगाम हातचा जातो.

मोठ्या संकेतस्थळावर जाऊ नये, असे मी म्हणत नाही. नव्या माणसाला पहिले शंभर गिऱ्हाईक दुसरे कोण देणार? तिथे जावेच. पण पाकिटात स्वतःच्या नावाचा कागद, त्यावर फोन नंबर, व्हॉट्सॲपवरची यादी, गूगल नकाशावर दुकानाची नोंद, यूपीआयचा आपला क्रमांक, एवढे पहिल्या दिवसापासून असावे. खोलीत राहून गेलेल्या कुटुंबाला गणपतीत एक निरोप जावा. या गोष्टींना जवळजवळ पैसा लागत नाही आणि म्हणूनच त्या पुढे ढकलल्या जातात. वर्षाच्या शेवटी एकच आकडा काढावा: एकूण विक्रीपैकी सर्वांत मोठ्या एका दारातून किती टक्के आली. निम्म्याहून अधिक येत असेल तर नवी गाडी, नवी खोली, नवे यंत्र कर्जावर घेऊ नये. आधी दुसरे दार उघडावे. पगारदारालाही हा आकडा लागू आहे, आणि त्याचा बहुधा शंभर असतो. त्याच्या बाबतीत कर्जाचा हप्ता पगाराचा किती हिस्सा खातो, तेवढे तरी बघावे.

डिचोलीत खाणी पुन्हा सुरू होत आहेत. डिसेंबर 2022 मध्ये राज्याने पहिल्यांदा खाणींचे ब्लॉक लिलावाने दिले. डिचोली ब्लॉक वेदांताला मिळाला, शिरगाव-मये साळगावकर शिपिंगला, मोंत द शिरगाव राजाराम बांदेकर यांच्या कंपनीला. 2024 पासून डिचोलीत माल निघू लागला आणि त्याबरोबर ट्रकांच्या दराची, स्थानिकांच्या प्राधान्याची बोलणीही परत सुरू झाली. जुने ट्रक दुरुस्तीला निघाले, नव्यांची चौकशी होऊ लागली. ज्यांचे पाय या वाटेवर वळत आहेत त्यांनी एक साधा भागाकार करावा. तेजीच्या वर्षी पाच कोटी टनांहून अधिक माल गेला होता, त्यावर ट्रकांची संख्या उभी राहिली होती. न्यायालयाची मर्यादा दोन कोटी टनांची आहे, आणि सध्याचे उत्खनन तिच्याही बरेच खाली. पन्नास लाख खेपांचे वीस लाख झाले, तेही सगळे ब्लॉक चालू होऊन मर्यादा गाठली तर. लिलावात मोठी बोली लावून आलेली कंपनी वाहतुकीचा दर वाढवायला उत्सुक असणार नाही, कारण तिला प्रत्येक टनावर सरकारला मोठा हिस्सा द्यायचा आहे. दरम्यान डिझेल आणि टायर 2010 च्या भावात कुणी देत नाही. एवढे धरून ज्याचा हप्ता बसतो त्याने ट्रक घ्यावा, आणि तो घेताना खनिजाखेरीज रेती, चिरे, सिमेंट वाहता येईल असाच घ्यावा.